खाना दहा वाजता

पहाटे ५

एप्रिलच्या शेवटी गोळपच्या सड्यावर पाच वाजता कुणी झोपलेलं नसतं. हापूसची तोडणी ऊन चढायच्या आत उरकायची असते. म्हणून चूल आधी पेटते आणि सगळ्यांचा चहा एकाच टोपात होतो. सगळ्यांचा म्हणजे आमचा घरच्यांचा आणि बागेतल्या मांगरात राहणाऱ्या नेपाळी कुटुंबाचा. दसैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, आटोपून ही माणसं कोकणात उतरतात आणि आगोट लागायच्या आधी माघारी जातात. राखण, फवारणी, कलमांना पाणी, तोडणी, पेट्या भरणं, सगळं त्यांच्याच हातून होतं. रत्नागिरीच्या बागायतीचा मोठा भार आज या माणसांच्या खांद्यावर आहे. मिरकरवाडा बंदरातल्या नौकांवरचे खलाशीही पुष्कळ नेपाळीच.

चहाचा टोप उतरवताना मी त्या कुटुंबातल्या बाईला विचारते, “बहिनी, चिया खायौ?” ती म्हणते, “खाएँ, दिदी.” नेपाळीत चहा पीत नाहीत, खातात. पाणीही खातात. वयाने लहान बाईला ‘बहिनी’, थोरलीला ‘दिदी’. या नात्यांच्या हाकांपासूनच माझं शिकणं सुरू झालं, कारण हाक नीट मारली नाही तर पुढचा शब्द कुणी मनापासून सांगत नाही.

मी त्यांच्या जेवणातली भाषा शिकते आहे. कामापुरती हिंदी आम्हां दोघींनाही येते. “पेटी उठाओ”, “पानी छोडो” एवढं तिच्यात भागतं. पण भूक, चव, पथ्य, नावड हे त्या हिंदीत मावत नाही. ही माणसं एक-दोन हंगामांत मराठी उचलतात. भाजी, भाकरी, आमसूल, उसळ हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. आमच्या बाजूने मात्र वर्षानुवर्षं एक शब्दही पलीकडे जात नाही, आणि हे मला बरं वाटत नाही. ज्यांच्या कष्टावर बाग उभी आहे त्यांना भूक कोणत्या शब्दात लागते, हे बागायतदाराच्या घरात माहीत असायलाच हवं.

सकाळी ६.३०

झेले खांद्यावर टाकून माणसं कलमांवर चढली. आंबा देठासकट उतरवावा लागतो. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. त्याहून अवघड काम म्हणजे कोणता आंबा उतरवायचा ते ठरवणं. आमच्याकडे ‘चौदा आणे तयार’ म्हणतात. पुरता सोळा आणे झाला तर वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत टिकत नाही आणि बारा आण्यांचा उतरवला तर अढीत सुरकुततो. देठाजवळचे खांदे वर आले, हिरव्या रंगातला काळोख जाऊन फिकटपणा आला, की तो चौदा आणे.

हे हिंदीत सांगताना आमची बोलणी ‘कच्चा’ आणि ‘पका’ या दोनच शब्दांवर येऊन थांबायची, आणि आमचा तर सगळा धंदा त्या दोहोंच्या मधला. नेपाळीत त्याला नेमका शब्द निघाला. आंबा म्हणजे आँप. काँचो म्हणजे कच्चा, पाकेको म्हणजे पिकलेला, कुहिएको म्हणजे कुजलेला. आणि या सगळ्यांच्या मधे छिप्पिएको, म्हणजे जून झालेला, बाठा धरलेला, पण न पिकलेला. फळ-भाजीच काय, बांबूसुद्धा जून झाला की तो छिप्पिएको. बहिनीच्या नवऱ्याने हा शब्द सांगितला त्या दिवसापासून खालून वर ओरडून विचारणं सोपं झालं. “छिप्पिएको हो?” वरून “हो, दिदी” आलं की मी क्रेट पुढे सरकवते. झाडावर बारा आण्यांना हात लागणं कमी झालं आहे, हे मी अढी लावताना रोज पाहते.

सकाळी १०

खाना. आमच्या दिवसातली ही सगळ्यात मोठी अदलाबदल आहे आणि ती एका शब्दामुळे झाली.

पूर्वी बागेत साडेआठला न्याहारी जायची, भाकरी-चटणी नाहीतर पोहे, आणि जेवण एकला. कोकणातल्या गड्यांना ते सवयीचं होतं. नेपाळी घरात दिवस वेगळा चालतो. पहाटे चहा, मग नऊ-दहाच्या सुमाराला वरण-भात-भाजीचं पूर्ण जेवण, दुपारी तीन-चारला काहीतरी हलकं आणि रात्री पुन्हा दालभात. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाला ते खाना म्हणतात, मधल्या खाण्याला खाजा. आम्ही पोटभर भाकरी-उसळ वाढली तरी त्यांच्या लेखी तो खाजाच. ताटात भात पडला नाही म्हणजे माणूस जेवला नाही. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आमच्याकडेही चार चपात्या खाऊन पाहुणा उठला तर आजी म्हणायची, अरे, भात कुठे घेतलास?

म्हणून आता तोडणी संपवून, ऊन डोक्यावर यायच्या आत, दहाला सगळ्यांचं जेवण असतं. बागेच्या कामालाही ही वेळ सोयीची आहे. दुपारी तसंही कलमावर कुणी चढत नाही.

भाताचे शब्द मी सगळ्यांत आधी वहीत लिहिले. शेतात उभं ते धान, सडून आणलेले तांदूळ म्हणजे चामल, आणि शिजला तो भात. आमच्या कोकणी बोलण्यात शेतातलं ‘ते भात’ आणि ताटातला ‘तो भात’ अशी लिंगावरून ओळख पटते. लावणी त्या भाताची, वाफ या भाताची. नव्याने मराठी शिकणाऱ्याला ते लिंग कळेपर्यंत हंगाम जातो. बहिनीला “कोठीतलं भात काढ” म्हटलं तर ती चुलीकडे वळणार. “धान” म्हटलं की कोठीकडे.

वाढतानाचे तीन शब्द मला फार आवडले. “भात थपूँ?” म्हणजे आणखी घालू का. “अलिकति” म्हणजे थोडासा. “पुग्यो” म्हणजे पुरे. हे तीन शब्द बोलायला लागल्यावर ताटावरचा संकोच गेला. आधी माणसं गप्प बसायची, हवं असलं तरी मागायची नाहीत. आता बहिनीचा दीर म्हणतो, “अलिकति झोल,” आणि मी आमटीतलं वरचं पातळ वाढते. डाव ताटाला लागू द्यायचा नाही हे मात्र शिकवावं लागलं नाही. त्यांचं जूठो आणि आमचं उष्टं यांचे नियम जवळपास तेच.

बोलताना मान राखण्याच्या पायऱ्याही आहेत: तँ, तिमी, तपाईं. बहिनीला मी तिमी म्हणते. तिच्या सासऱ्यांशी फोनवर बोलले तेव्हा “तपाईंले खाना खानुभयो?” असं विचारलं. खुशाली विचारायची त्यांची रीत हीच, आधी जेवणाची चौकशी. पलीकडून उत्तर येण्याआधी म्हातारबुवा क्षणभर थांबले आणि मग बराच वेळ बोलत राहिले. त्यातलं निम्मं मला समजलं नाही. बहिनी बाजूला उभी राहून हसत होती, डोळे पुशीत होती.

दुपारी ११.३०

शहरात बाजार. पावस रस्त्याने खाली उतरलं की भाट्ये पूल लागतो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते, आणि पुलावरून वर कड्यावर थिबा राजवाडा दिसतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. कुटुंब पुढे मायदेशी परतलं, पण राजाची नात टूटू रत्नागिरीचीच झाली, इथेच संसार करून मराठी बोलत जगली. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपली भाषा घ्यायची, हे या गावाने फार जवळून पाहिलं आहे. उलट दिशेने काही गेलं असेल तर त्याची खूण रस्त्यात कुठे भेटत नाही.

वाण्याकडे यादी देते. तोरीको तेल म्हणजे मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल. त्याशिवाय त्यांच्या भाजीला वास येत नाही. हंगामात काही दुकानदार ते आता मुद्दाम ठेवतात. मग कोदो. इथे जपून बोलावं लागतं. आपल्याकडे कोद्रा किंवा हरीक हे वेगळं धान्य. नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. तिचं पीठ उकळत्या पाण्यात घाटून ते ढिँडो करतात, आणि आमच्या नाचणीच्या उकडीला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणालाही तो परका वाटणार नाही. तिसरं गहत. बहिनीने कितीदा वर्णन केलं, थंडीत खातात, उष्ण असतं, मूतखड्यावर देतात. दाणे पाहिले तेव्हा कळलं, कुळीथ! आमच्याकडेही कुळथाचं कढण मूतखड्यावर देण्याची चाल आहे. हिमालयाच्या उतारावर आणि सह्याद्रीच्या उतारावर एकच हलकी जमीन, एकच कडधान्य आणि औषधही तेच. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

डाळींच्या यादीत एक घोळ टाळायचा असतो. मास म्हणजे उडीद, मासु म्हणजे मांस, माछा म्हणजे मासे. तिन्ही शब्द आपल्या ओळखीच्या शब्दांना इतके जवळ, की कान गाफील राहतो. मुसुरो मसूर, रहर तूर, बोडी चवळी, केराउ वाटाणे.

तिथून मिरकरवाडा. नौका लागल्या होत्या, बर्फ उतरत होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे आत्ता सगळी घाई. खलाशांची आपसातली बोली कानावर पडते आणि आता त्यातले चार शब्द सुटे ऐकू येतात. नेपाळला समुद्र नाही. बांगडा, सौंदाळा, मांदेली, म्हाकूल यांना त्यांच्याकडे नावं असायचं कारण नाही. ही नावं त्यांनी आमच्याकडून जशीच्या तशी घेतली आहेत. नदीतल्या बारीक वाळवलेल्या माशांना मात्र त्यांच्याकडे सिद्रा म्हणतात, म्हणून सुकट पाहिली की त्यांना घर आठवतं. कोळंबीला हिंदीत झिंगा म्हणतात, आणि नेपाळीत झिङ्गा म्हणजे माशी. आज झिंगा करू, असं हिंदीत ऐकल्यावर नवीन आलेल्या पोराचा चेहरा कसा झाला असेल! तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात कोळंबीच म्हणायचं ठरलं आहे.

दुपारी ३

खाजा. आज चिउरा, म्हणजे पोहेच, पण न फोडणीचे. कोरडे पोहे, बाजूला बटाट्याची झणझणीत भाजी. खुर्सानी म्हणजे मिरची, आणि तिखट ते पिरो.

ही वेळ वहीची. बहिनीची मुलगी, तिला सगळे नानी म्हणतात, त्यांच्याकडे लहानग्यांना तसंच म्हणतात, इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकते. तिची परीक्षा झाली आहे. वहीत मी ऐकलेलं लिहिते आणि ती तपासते. लिपी देवनागरी, त्यामुळे दोघींचं एकच पान चालतं. ळ नेपाळीत नाही. केळं ते केरा म्हणतात, पपईला मेवा. फणसाला रुखकटहर आणि अननसाला भुइँकटहर: झाडावरचा कटहर आणि भुईवरचा. हे ऐकल्यापासून मला अननस पाहताना त्याच्या अंगावरचे काटे नव्याने दिसतात.

नानीच्या दुरुस्त्या कडक असतात. गोलभेँडा, म्हणजे टोमॅटो, यावरचा चंद्रबिंदू मी विसरले तर ती पेन काढून घेते.

मोबाइलवर मी रॅल्फ टर्नर यांचा नेपाळी कोश उघडून ठेवते. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत अधिकारी होते. आपल्या शिपायांची भाषा ऐकत त्यांनी तिचा अभ्यास धरला आणि १९३१ मध्ये हा कोश छापून निघाला. नेपाळी शब्दाखाली गुजराती, सिंधी, बंगाली, मराठी अशी भावंडं दिलेली असतात. नौनी पाहिलं तर खाली लोणी, दोघांची आई नवनीत. उखु आणि ऊस. मह आणि मध. हुकूम देणाऱ्या माणसाने हुकूम ऐकणाऱ्यांच्या तोंडचे शब्द इतक्या आदराने गोळा करावेत, याचं मला अप्रूप वाटतं आणि बळही येतं. आणखी एक गोष्ट मी नानीला सांगितली: भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या भाषा १९९२ मध्ये एकदमच आल्या. तिने ते वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

दुपारी ४.३०

पेट्या. पेंढा, थर, वजन, खूण. गाडी साडेसहाला निघते. डझनला दर्जन, बाकी आकडे सरळ: एक, दुई, तीन, चार, पाँच. या दोन तासांत बोलायला कुणाला फुरसत नसते.

संध्याकाळी ६.४५

पलीकडच्या बागेतल्या नेपाळी कुटुंबाचं लहान मूल सकाळपासून हगवणीने मलूल झालं होतं. दवाखान्यातून आई-बाप औषध घेऊन आले ते थेट आमच्या ओटीवर. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलेलं होतं, चिठ्ठीवर लिहिलेलंही होतं: पेज द्या, मीठ-साखरेचं पाणी द्या, गोळी सकाळी नाश्त्यानंतर.

या तीन सूचनांतला प्रत्येक शब्द त्या आईपाशी अडत होता. पेज तिला ठाऊक नव्हती. ‘मीठ’ ऐकून तिच्या मनात मीठो उमटलं, आणि नेपाळीत मीठो म्हणजे चविष्ट. मधे हिंदीतला मीठा म्हणजे गोड. तीन भाषांत एकाच नादाचे तीन शब्द आणि समोर पाणी सुटत चाललेलं पोर. मी वहीतलं पान काढलं. नेपाळीत मीठ म्हणजे नून आणि साखर म्हणजे चिनी. तिच्याकडच्या आरोग्यसेविकाही “नून-चिनी-पानी” हेच शब्द वापरतात, त्यामुळे ते म्हटल्याबरोबर तिची मान हलली. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे चिनी, सपाट अर्धा चमचा नून. चमचा माझ्याच घरातला दिला, म्हणजे माप बदलणार नाही. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पेजेला त्यांच्याकडचा नेमका शब्द मला ठाऊक नव्हता, पण आजाऱ्याचं अन्न ठाऊक होतं: जाउलो. तांदूळ आणि डाळ मऊ, आसट शिजवायची, मसाला काही नाही. “जाउलो दिनु, पिरो नदिनु,” एवढं म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. हे अन्न तिला तिच्या आईने भरवलेलं होतं. गोळीच्या पाकिटावर मी लिहिलं: बिहानको खानापछि. सकाळच्या खान्यानंतर, म्हणजे दहाला. ‘नाश्त्यानंतर’ लिहिलं असतं तर तिच्या दिवसात ती वेळच नाही.

मला या शिकण्याचं कारण कुणी विचारलं तर मी ही संध्याकाळ सांगते. भाषा शिकायला व्याकरणापासून सुरुवात करावी असं म्हणणारे असतील, त्यांचंही खरं असेल. मी मीठ, साखर, भात, पाणी यांपासून सुरुवात करावी असं म्हणेन, कारण आजारी पोराच्या उशाशी पहिल्यांदा हेच शब्द लागतात.

रात्री ८

बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार. आमच्या घरात तिरफळं वर्षाची वाळवून ठेवलेली असतात. बी टाकून फक्त टरफल वापरायचं, ठेचून, सार उतरवायच्या आधी. मी बरणी उघडली तेव्हा बहिनी लसूण सोलत होती. तिने मान वर केली, नाक बरणीजवळ आणलं आणि म्हणाली, “टिमुर!”

टिमुर म्हणजे त्यांच्या डोंगरातल्या एका काटेरी झुडपाची फळं. टरफल वाटून अचारात, म्हणजे चटणीत, घालतात आणि जीभ बधिर होते, थेट तिरफळासारखी. मी शोधून पाहिलं तर दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीची निघाली, आमचं पावसाच्या मुलखातलं आणि त्यांचं थंड मुलखातलं. बहिनीने एक टरफल चावलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग सांगायला लागली. घरामागच्या उतारावर टिमुर कुठे आहे, तोडताना काटे कसे लागतात, सासू पोटदुखीवर ते कसं चावायला देते. एवढं सलग ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. हिंदी, नेपाळी, मराठी सगळं एकमेकांत मिसळून चाललं होतं आणि मला त्यातलं बहुतेक समजत होतं.

आमसुलाला मात्र तिच्याकडे शब्द नाही आणि फळही नाही. ती आमसूलच म्हणते. “अमिलो” हा आंबटाचा शब्द मला देऊन तिने त्या बदल्यात ‘आंबटसर’ घेतला. तिला तो उच्चारायला आवडतो. गुलियो गोड, तीतो कडू, टर्रो तुरट. काजूच्या बोंडाला तिने स्वतःच टर्रो म्हटलं तेव्हा तो शब्द माझा पक्का झाला.

जेवताना सार कसं झालं विचारलं. दीर म्हणाला, “साह्रै मीठो.” फार चविष्ट. माझ्या नवऱ्याला वाटलं मीठ जास्त झालं, त्याने लगेच चाखून पाहिलं. नानीने त्याला समजावून सांगितलं, आपल्या शाळेतल्या मराठीत, बाईंच्या सुरात.

रात्री ९.३०

दोघं राखणीला निघाले. एक खालच्या कुंपणाकडे, एक वरच्या टाकीकडे. बरोबर बॅटरी, काठी आणि भाजलेला मका. पलीकडच्या बागेतून निरोप आला की पोराने जाउलो खाल्लं आणि ते झोपलं आहे. उद्या दहाच्या खान्याला गहतको दाल करायची ठरली आहे. आमच्या पिठीसारखी नाही, अख्ख्या कुळथाची, तोरीच्या तेलात जिऱ्याची फोडणी देऊन, बहिनीच्या हातची. कुळीथ निवडून मी आत्ताच भिजत घातले.